तपकिरीच्या डबीतला बेडका

मला खोकला लागला तो भुईमुगाच्या काढणीत. धुरळा म्हणा, बाळंतपणातला अशक्तपणा म्हणा, पण काही केल्या हटेना. लढाईचा काळ, सासर तासगावकडचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "क्षय हाय हिला. बघा कशी वाळलीया." मग आमचे मालक माझा बेडका बाटलीत घेऊन सांगलीच्या दवाखान्यात गेले. तपासून आले आणि अंगणातनंच बोलले, "लेकराला हिच्याजवळ देऊ नगा."

एवढंच बोलले बघा. तेवढ्यावर माझी वर्षाची लेक अंगावरनं तोडली आणि मला माहेरी धाडलं. माहेर कृष्णाकाठी, सांगलीला लागून. दुधानं पदर भिजायचा आणि मी तोंडात बोळा कोंबून रडायचे. यांच्यावर मात्र राग नव्हता हो. उलट वाटायचं, माणूस आपल्यापायी एवढा सांगलीला गेला, लेकराची काळजी केली.

थोरला भाऊ पलटणीतनं रजेवर आला. मला जेवताना बघून हसायलाच लागला. "ही व्हय क्षयवाली? चार भाकरी रेटतीया!"

"तीनच खाल्ल्या रं दादा."

"तीन तर तीन. चल, पुन्यांदा तपासू."

दवाखान्यात थुंकी तपासणारे एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी माझा बेडका काचेवर पसरला, दिव्यावर धरून वाळवला, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवला. मग ॲसिडनं धुऊन वर निळा रंग दिला. दुर्बिणीत बघितलं आणि मला म्हणाले, "ये बाई, तूच बघ. लाल काही दिसतंय?"

स्टुलावर चढून एक डोळा मिटला. सगळं निळंनिळं. "न्हाई वो."

"नाहीच. क्षयाचा जंतू हट्टी असतो. लाल रंग एकदा चढला की ॲसिडनं धुतलं तरी सोडत नाही. बाकीच्यांचा धुऊन जातो, मग ते निळे होतात. हे निळे ठिपके सगळ्यांच्याच तोंडात असतात. मागच्या वेळीही तुझ्यात हेच होते."

दादानं विचारलं, "मागच्या वेळी क्षय न्हवता?"

"नव्हताच. हिच्या मालकाला सांगितलं होतं की मी. बाटलीतलं हिचं चांगलं होतं. वडलांचं तपकिरीच्या डबीत आणलं होतं, त्यावरनं झापला होता त्याला. ते वाईट निघालं. काच ठेवलीय मी, नवीन पोरांना दाखवायला."

त्यांनी ती काच लावली. निळ्यावर बारीक लाल काड्या, कुंकवात बुडवून काढल्यासारख्या. कुठं एकेकट्या, कुठं जुडीनं पडलेल्या.

"तुझा मालकही इथंच बसून बघत होता," ते म्हणाले. "किती वेळ डोळा काढेना."

मी स्टुलावरनं उतरले ती दादाला घेऊन तडक सासरची मोटार धरायला निघाले. मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खोकल्याला सगळे तपकिरीचा खोकला म्हणायचे. आणि आमच्याकडं दाढा न आलेल्या लेकराला मोठ्या माणसानं भाकरी चावून, मऊ करून भरवायची रीत. माझ्या लेकीला मामंजीच भरवायचे. आता तर माझं दूधही तोडलेलं.

कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार तेव्हा. चढ आला की माणसं उतरायची. मी तर ढकलायलाही लागले होते.

घरात शिरले तर मामंजी सोप्यात, लेक मांडीवर, आणि त्यांचे गाल हलत होते. हे आडवे आले. "तू कशाला आलीस?"

"तुमी बघितलं व्हतं न्हवं? लाल काड्या?"

यांनी दादाकडं बघितलं, मग खाली. हळू बोलले, "वडलांचं कळलं असतं तर पंगतीला कुणी घेतलं असतं का? बहिणीचं लगीन ठरायचं हाय. तुझं काय, बरी झाली म्हणून आणलीच असती की."

"आन् लेक?"

यांनी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"काय बघितलं रं?" मामंजींनी विचारलं. "माझं तर साफ हाय म्हणालास."

तवा कळलं, त्यांनाही फसवलं होतं. मामंजी माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू सांग."

"तुमच्या डबीतलं, मामंजी. तुमाला हाय."

त्यांनी तोंडातला घास हातावर काढला. लेकीला दोन्ही बगलांत धरून लांब, हात पुरतील तेवढं लांब धरलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "घे गं. बिगी बिगी घे."

लेक वाचली. मामंजी आपणहून गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेले आणि तिथंच संपले. औषध कुठं होतं तेव्हा! यांच्याबरोबर मी पुढं सगळा संसार केला. पण घरात कुणी आजारी पडलं तर यांना एकट्याला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. मी संगं जायचे, आणि तपासणारा काय म्हणतो ते माझ्या कानांनी ऐकल्याबिगर उठायचे नाही.