तळ्यावर जाऊ का?

मार्लिसबाई ट्वेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा स्टोरडाल गावाने चर्चच्या तळघरात सगळ्यांना जेवण घातलं. त्यांचा थोरला भाऊ ऑर्लिन भेटेल त्याला ऐकवत होता, "आता आपलं काही अडलं तर राजधानीत घरचं माणूस आहे." सगळा घोटाळा इथेच झाला.

बाईंची कारकीर्द तशी साधीच. आधी हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत वकिली, मग जिल्ह्याला न्यायाधीश. तिथे त्यांनी मोकाट गुरांपासून घटस्फोटांपर्यंत सगळं निस्तरलं. राजधानीत गेल्यावर रुबाब वाढेल म्हणावं, तर तिथला रिवाज निराळा. पाच न्यायमूर्तींत जो नवा, त्याने बैठकीचं दार उघडायचं, कॉफी ओतायची आणि मत मात्र सगळ्यांच्या आधी द्यायचं. म्हणजे थोरांकडे बघून मान डोलवायची सोयच नाही. बाईंच्या मागून बरीच वर्षं नवं कुणी आलंच नाही, त्यामुळे कॉफीची किटली काही सुटली नाही. ऑर्लिन चिडवायचा, "घरी कधी कप विसळला नाहीस, आणि तिथे झगा घालून कॉफी वाटतेस होय!"

कुठल्या खटल्याचा निकाल कुणी लिहायचा, हे जुन्या डब्यातून चिठ्ठी काढून ठरायचं. एकदा बाईंच्या हाताला चिठ्ठी लागली ती स्टोरडालचीच.

गावाशेजारच्या तळ्यावर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं, यावर आमच्या लोकांचा भारी जीव. तळ्याची वाट क्वामी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातून जायची. क्वामी वारला आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, पुढच्या वर्षी फाटकाला कुलूप ठोकलं. गाव चिडून कोर्टात गेलं. म्हणे, आजोबांपासूनची वहिवाट आहे, वाट आमच्या हक्काची. साक्षीला जो तो छाती पुढे काढून सांगत होता, "आम्ही कधी आगाऊपणा केला नाही, साहेब. दर हिवाळ्यात वेलदोड्याचा पाव घेऊन क्वामीच्या दाराशी जायचं, 'तळ्यावर जाऊ का?' म्हणून विचारायचं, तो हो म्हणाला की मगच पाऊल टाकायचं." गावच्या वकिलाने कपाळावर हात मारला. वहिवाटीचा हक्क मिळतो तो न विचारता वर्षानुवर्षं तुडवत जाणाऱ्याला. दरवर्षी परवानगी मागणारा कायद्याच्या लेखी पाहुणाच राहतो. आमच्या लोकांना सभ्यपणा नडला तो असा.

लहानपणी वडील आपल्याला त्याच तळ्यावर न्यायचे, हे बाईंनी आधीच उघड सांगितलं. दोन्ही वकील म्हणाले, आमची हरकत नाही. मुख्य न्यायमूर्ती हसले. "या राज्यात माणसं कमी आणि तळी जास्त. कुठल्या ना कुठल्या तळ्याकाठचाच न्यायमूर्ती मिळणार. लिहा तुम्ही."

बाईंनी लिहिलं. गाव हरलं.

"एक वाट मागितली होती, तीसुद्धा द्यायला नको?" ऑर्लिन फोनवर ओरडला.

"वाट माझी नव्हती रे, ऑर्लिन."

त्यानंतर त्याने फोन केला नाही. तिकडे न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं की नाही, हे काही वर्षांनी लोकच मत देऊन ठरवतात. पुढच्या निवडणुकीत राज्याने बाईंना ठेवलं, स्टोरडालने झाडून विरोधात मतं दिली. ते त्यांना फार लागलं. निवृत्त झाल्यावर त्या हट्टाने वडिलांच्या घरीच राहायला आल्या. चर्चमध्ये कॉफीच्या वेळी लोक हवेबद्दल दोन शब्द बोलत आणि कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जात. ऑर्लिन तर मान वर करत नसे. आपल्याच गावात असं किती दिवस जगायचं, हे बाईंना कळेना.

तळं गोठलं तशी त्यांनी एक दिवस पाव भाजला आणि आर्डिसचं दार वाजवलं.

"आता काय आणलंस?" आर्डिस म्हणाली. "निकाल तर माझ्या बाजूने दिलास."

"निकाल झाला, आर्डिसबाई. मी विचारायला आलेय. तळ्यावर जाऊ का?"

आर्डिसने पाव हुंगला. "वेलदोडा कमी पडलाय." मग तो हातात घेऊन ती म्हणाली, "तो गेला त्या हिवाळ्यात सगळे माझ्या खिडकीसमोरून गाड्या काढून गेले. एकानेही दार वाजवलं नाही. विचारायचं माणूस गेलं, असंच वाटलं ना त्यांना? मी घरातच होते."

इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकण्यात घालवलेल्या मार्लिसबाईंनी हे मात्र कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"तू जा," आर्डिस म्हणाली. "बाकीच्यांना सांग, दार इथेच आहे."

बाई तिथून थेट ऑर्लिनकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी हातात धरून तो आर्डिसच्या पायरीवर उभा होता, काखेत पाव. मार्लिसबाई गाडीत बसून बघत होत्या. तो दार वाजवायला गेला, थांबला आणि वळला.

"मार्लिस, आधी काय म्हणू गं?"

किती वर्षांनी त्याने नावाने हाक मारली होती.

"आधी चुकलो म्हण," बाई काच खाली करून म्हणाल्या. "तळ्याचं मग."