मुंढव्याचा पूल

माझे आईवडील कोथरूडला राहतात आणि मी खराडीला. म्हणजे मी परगावी असतो.

अंतर वीसेक किलोमीटर. गेल्या चार महिन्यांत ते मी एकदाही कापलेलं नव्हतं. कोणी विचारलं की मी "ट्रॅफिक" म्हणायचो. (पुण्यात या शब्दावर कोणी शंका घेत नाही.) खरं कारण आज पहिल्यांदाच लिहितोय: आईची मान हल्ली सारखी हलते आणि ते मला बघवत नाही. म्हणून मी बघायलाच जात नव्हतो. सोपा उपाय!

पण आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस नेमका रविवारी आला. त्या दोघांना थाळी जेवायला न्यायचं ठरलं. सकाळी अकराला बाबांचा फोन. बाबा म्हणजे सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांच्या हजेरीवर उशिराचे शेरे मारलेला माणूस.

"जयभीम, बाबा!"

"जयभीम. निघालास का? लिफ्ट बारा ते सहा बंद ठेवणार आहेत. एकदा खाली उतरलो की तुझ्या आईला पाच मजले परत चढवायचे नाहीत. तू निघाला असशील तरच उतरतो."

"अहो बाबा, मुंढव्याच्या पुलावर आहे मी! या खाली!"

फोन ठेवला. (हा पूल आमच्या घराजवळचा, कायम तुंबलेला.) दारात बायको उभी.

"पुलावर टॉवेल गुंडाळून उभे आहात होय?"

"आत्ता निघतोय ना आपण!"

"आपण? मी तयार होऊन तास झाला."

मग आंघोळ. मग शर्टाचं बटण. मग केक आणायचा राहिलाय, हे आठवलं. निघायला साडेबारा वाजले, आणि दुर्दैव असं की रस्ता स्वच्छ मोकळा! सिग्नलसुद्धा हिरवे! आता इतक्या भरकन पोचलो, तर पुलावर एवढा वेळ काय करत होतो म्हणून सांगणार? म्हणून मी (हे लिहिताना हात अडतोय) गाडी मुद्दाम हळू चालवली.

"अहो, मागचा सायकलवाला घंटी वाजवतोय!" बायको म्हणाली.

"जाऊ दे त्याला पुढं."

"तो केव्हाच गेला. हा दुसरा."

कोथरूडला सोसायटीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. वॉचमननं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का ते पुलावरचे?"

"आईबाबा कुठं आहेत?"

"तासभर बसले व्हते की हितं. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत व्हत्या, पोरगा पुलावर अडकलाय म्हणून. मग गेले बसनं."

"बसनं? कुठं?"

"तुमच्याकडंच."

मी घाईघाईनं बाबांना फोन लावला.

"तुझ्या दाराबाहेर आहोत. पायरीवर. थेट बस आहे इथून, तुला ठाऊक नसेल." (सहा वर्षं राहतोय. नव्हतं!)

"तिथंच थांबा! मी निघालोच!"

"सावकाश ये. आम्ही येताना बघितलं, रस्ता मोकळा आहे."

येताना मात्र मी सगळ्या सायकली मागे टाकल्या. आई पायरीवर बसली होती. ठेवणीतली जांभळी साडी, मांडीवर पर्स, आणि मान हलतेय. चार महिन्यांपूर्वीपेक्षा जास्त. मी पटकन कुलूप काढायला वळलो.

आई तोंड धुवायला आत गेली, तसे बाबा हळूच म्हणाले, "धुणं संपलं की मशीन गाणं म्हणतं ना, सकाळी फोनवर ऐकू आलं ते. हल्ली पुलावरही लावतात का?"

(तेच मशीन मी त्यांनाही घेऊन दिलंय. जायचं टाळलं की मी वस्तू पाठवतो. त्यांचं घर आता भरत आलंय.)

"म्हणजे तुम्हाला सकाळीच कळलं होतं? मग खाली कशाला उतरलात?"

"ती दहापासून साडी नेसून बसली होती."

मी केकचं खोकं टेबलावर ठेवलं.

"पुलावर नाहीस म्हणजे घरी असशील, म्हटलं तिथंच गाठू. तिला पूल खरा वाटतोय. वाटू दे."

पण मला ते सहन होईना. आई येऊन सोफ्यावर बसली. मी ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं, चार महिन्यांसकट. तिच्या शेजारी बसलो.

"आई, ऐक ना, मी सकाळी..."

"काही बोलू नकोस. सकाळपासून गाडीत अडकून पाय आखडले असतील तुझे. इकडं कर."

आणि दहापासून साडी नेसून, फाटकाशी तासभर बसून, शहर ओलांडून, वर पायरीवर ताटकळलेली माझी आई थरथरत्या हातांनी माझी पोटरी चेपू लागली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती. खरं बोलायचं असेल, तर ती हीच वेळ होती.

मी दुसराही पाय पुढे केला.