पहिल्या गाडीचा उजेड

कंडक्टरच्या बॅगेत सुट्टे कधी साचत नाहीत, किस्से मात्र साचतात. गाडीत माणसं चढतात, भांडतात, रडतात, लग्नं जमवतात आणि आपापल्या स्टॉपला उतरून जातात. त्यांचं बोलणं मागं राहतं ते माझ्यापाशी. घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "ड्युटी घरात आणू नका." म्हणून तुम्हाला सांगतो. ह्या खेपेचे किस्से शहरातल्या दंगलीचे आहेत. शहर कुठलं ते सांगणार नाही. सांगितलं की लगेच कुणीतरी विचारतो, "मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?" अहो, मी दाराच्या बाजूचा! कंडक्टरला दुसरी कुठली बाजू असते?

तर आधी तात्या.

आमच्या भूमच्या बाजूला पहाटे पहिली गाडी निघते, तिचे ड्रायव्हर नामदेव तात्या. रिटायरमेंटला आलेले, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. गाव सोडलं की आमच्या रस्त्यावर दिवा नाही, आणि पहाटे त्याच रस्त्यावर पोरं पळतात. पोलीस भरती! घरटी एक पोरगं पळतंय म्हणा की. एकदा अंधारात खड्ड्यात पाय मुरगळून एक पोरगं भरतीतनं बाद झालं, तेव्हापासून तात्यांनी रीतच पाडली. पोरं दिसली की गाडी हळू करायची, मागं राहायचं आणि हेडलाइटचा उजेड त्यांच्या पुढ्यात टाकायचा. ओढ्याच्या पुलापर्यंत. पुलावर पोरं बाजूला होणार, हात करणार, मग आमची गाडी पळणार.

एखादा पॅसेंजर वैतागायचा. "तात्या, ही गाडी हाय का वरात?"

"नवरदेव पुढं पळतेत, दिसंनात का?"

डेपोत साहेबांनी विचारलं, "पहिली गाडी रोज लेट कशी?"

"इंजिन गार असतंय, साहेब."

"उन्हाळ्यात?"

"जुनं हाय की ओ ते!"

त्या पोरांत गणा सगळ्यात पुढं. उंच, काटक, मागच्या भरतीत थोडक्यात हुकलेला. पळताना त्याचं डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर निघायचं. तात्या खिडकीतनं मुंडकं काढून रोज ओरडायचे, "गण्या, कोपर आत घे!" गणा घ्यायचा आत. दहा पावलांत परत बाहेर! पुलावर कधीमधी तात्या त्याला आपल्या डब्यातली भाकरी द्यायचे आणि एकच गोष्ट बजावायचे, "कुठल्या भानगडीत पडू नगंस. नावावर केस लागली की वर्दीचं नाव काढायचं न्हाय."

*

मग शहरात पेटलं. मोबाईलवर कुणीतरी काहीतरी टाकलं म्हणे. काय टाकलं, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही!

आमची दुपारची खेप होती. चौकात शिरलो तर समोर पोरांचा हा घोळका. तोंडाला रुमाल, हातात दगड. पांढरा रुमाल बांधलेला एक लांबडा पोरगा पुढं आला, हात फिरवला आणि खळ्ळकन आमची पुढची काच फुटली. तात्यांच्या कपाळातनं रक्ताची धार लागली.

मी घाबरून बेलची दोरी ओढली. आणि ओढली ती एकदाच!

आता आमच्यात एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. इतक्या वर्षांची सवय. तात्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला आणि गाडी बरोब्बर घोळक्याच्या मधोमध थांबली. पोरंसुद्धा बावचळली. दगड मारला की गाडी पळते, हे त्यांना ठाऊक. स्टॉप घेणारी गाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही!

तात्या रक्त पुसत मागं ओरडले, "कोण उतरतंय?"

"म्या, म्या!" एक म्हातारी मला ढकलत पुढं आली. "माजा दवाखाना हितंच हाय."

मी काय करणार? दार उघडलं. म्हातारी उतरली आणि समोरच्या पोराला म्हणाली, "आरं, ते ठिव खाली अन् पिशवी धर माजी."

पोरानं दगड खाली ठेवला हो! पिशवी घेतली, म्हातारीचा हात धरला आणि रस्ता ओलांडून दिला.

तेवढ्यात पोलिसांच्या गाडीचा भोंगा आला. पोरं फुटली, आमच्या गाडीसमोरनंच पळाली. पांढऱ्या रुमालाचा सगळ्यांच्या पुढं. मला त्याची नुसती पाठ दिसत होती. डावं कोपर पंखासारखं बाहेर.

तात्या कपाळाला हात लावून पुटपुटले, "कोपर आत घे की रं…"

मी डबल बेल दिली.

*

परतीच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर होता. तात्या कपाळाला टाके घालून, पट्टी बांधून पॅसेंजरमध्ये बसले. पुढच्या सीटवर दोन बाया. एक कपाळभर कुंकवाची, एक बुरख्यातली. बराच वेळ दोघी एकमेकींकडं न बघता बसलेल्या. मग कुंकवाच्या बाईनं विचारलं, "पोरं कुठं हायत तुमची?"

"मैं तो कुलूप लगाके आयी, बाई. अंदरच है."

"अगं बया! म्या बी कडी लावून आले!"

दोघी खळखळून हसल्या. जरा वेळानं पहिली हळूच म्हणाली, "पर माजा पत्रा सरकवून जातो."

"मेरा खिडकी से जाता, माटीमिला!"

झालं! दोघींनी एकदम मोबाईल काढले.

तात्यांनी मागनं विचारलं, "कशापायी जातेत ओ पोरं?"

कुंकवाची बाई मोबाईल कानाला लावूनच बोलली, "दिसभर पडून असतंय, दादा. भाकरीला हाक मारली तर उठत न्हाय. पर मोबाईलवर कुणी 'ये' म्हणलं की निघालं! कुणीतरी बोलवलं, येवढंच. कामाला कोण बोलवतंय त्याला?"

मला फार वाईट वाटलं. माझाही पोरगा घरी पडूनच असतो.

*

पुढचे काही दिवस गाडीत दुसरा विषयच नाही. शहरातनं चढणारे छातीठोक सांगायचे, "आपल्या शहरातलं एक पोरगं नव्हतं त्यात. सगळी खेड्यापाड्यातनं आलेली, बाहेरची!" पुढं गावातली माणसं चढायची. "आमच्या गावचं एक न्हाय! ती समदी शहरातली, बाहेरची!" त्याच्या पुढच्या गावात म्हणायचे, मागच्या गावची. मागच्या गावात म्हणायचे, पुढच्या गावची. एकानं तर शपथ घेतली, "म्या सोता बगितलं, बाहेरचीच व्हती." आता हा स्वतः तिथं काय करत होता, ते विचारायची सोय नाही!

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हे बाहेरचं गाव माझ्या तिकीट मशीनमध्ये नाही बरं का! कुठं लागतं ते तरी सांगा. तिथं एक स्टॉप टाकून घेतो."

सगळी गाडी हसली. तात्या नाही हसले.

*

आमच्या कॅन्टीनमध्ये रोज पेपर वाचायला आप्पा येतात. सरकारी ऑफिसातनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आवाज अजून ड्युटीवर! तात्यांची पट्टी बघून आप्पा पेटले. "चौकात उलटं टांगलं पाहिजे एकेकाला! ह्यांना केस नको, कोर्ट नको. घराला कुलूप ठोका ह्यांच्या! आई-बापाला विचारा, काय शिकवलं म्हणून!"

सगळे माना हलवत होते. एवढ्यात आप्पांचा फोन वाजला. आप्पा उठून कोपऱ्यात गेले. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. बहिणीच्या नातवाला पोलिसांनी उचललं होतं.

आप्पा खुर्चीत बसले. पेपरची घडी केली, परत उघडली, परत केली. मग म्हणाले, "पोरगं अज्ञान आहे हो आमचं. मित्रांच्या नादानं उभं राहिलं असेल नुसतं."

कॅन्टीनवाल्यासकट सगळे खाली बघायला लागले. उलटं टांगायची आठवण कुणी केली नाही. तात्यांनी आपला चहा आप्पांच्या पुढं सरकवला.

"घ्या आप्पा. घोटभर घ्या. मग जाऊ आपण पोलीस स्टेशनला. मला बी बोलवलंयच."

*

आप्पा नातवाच्या चौकशीला बाहेर थांबले, आत जबाबाला मी आणि तात्या दोघं. सकाळपासून डेपोत जो तो तात्यांना चढवत होता, "सोडू नका! कपाळ फोडलंय तुमचं!" मला मात्र घोर वेगळाच. तात्या खरं बोलले तर गणाची भरती त्याच दिवशी संपली. आणि मला विचारलं, तर मी काय सांगू?

पोलीस स्टेशनचे साहेब थकलेले दिसत होते. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. "काच कुणी फोडली? ओळखता?"

"त्याच्या तोंडाला रुमाल व्हता, साहेब. तोंड न्हाय दिसलं."

"पळताना पाठ दिसतेय की. परत दाखवू?"

"दावा."

व्हिडिओत पोरं पळाली. पांढरा रुमाल पुढं, कोपर बाहेर. तात्या वाकून बघत होते. मग त्यांनी बोट ठेवलं, बरोब्बर गणावर! मी बाकाची कड घट्ट धरली.

"हे पुढं पळतंय का साहेब…"

"हां, हां. बोला."

"लई झ्याक पळतंय! असल्या पोरांला तुमी टायमावर भरतीत घ्यायला पायजे व्हतं."

साहेब तात्यांच्या पट्टीकडं बघत राहिले. मग त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि शिपायाला सांगितलं, "चहा आण रे, तीन."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तात्या, खोटं बोललात!"

"काय खोटं बोललो, मास्तर? रुमाल नव्हता का? झ्याक पळत न्हाय का त्यो?"

*

तात्या पहिल्या गाडीवर परत आले. पहाटे पोरं पळत होती, गणा नव्हता. तात्या गाडी हळू करायचे, उजेड द्यायचे, पण मुंडकं बाहेर काढणं बंद झालं. पट्टी गेली, कपाळावर लाल वण राहिला. गणाच्या आईला मी बाजारात विचारलं तर म्हणाली, "घरातच हाय. जेवत बी न्हाय धड. काय झालंय, सांगंना." मी काय सांगणार?

मग एका पहाटे गाव सोडून वळण घेतलं. बाकीची पोरं पुढं निघून गेलेली. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध एकटाच कुणीतरी उभा.

गणा. पळत नव्हता. तोंड आमच्याकडं करून उभा होता. तोंडाला रुमाल नाही, काही नाही. उजेडानं डोळे बारीक झाले होते, पण हात आडवा धरला नाही.

तात्यांनी गाडी थांबवली. मागनं कुणीतरी ओरडलं, "काय झालं? पंक्चर का?" मी त्याला हातानंच गप्प केलं.

गणा हलेना. तात्याही हलेनात. इंजिन तेवढं घरघरत होतं.

मग तात्यांनी खिडकीतनं मुंडकं बाहेर काढलं.

"तोंड काय दावतो रं? पोरं पुलापाशी गेली! पळ!"

गणानं बाहीनं डोळे पुसले, वळला आणि पळायला लागला. मी डबल बेल दिली. गाडी त्याच्या मागं मागं निघाली, हळूहळू. वरात म्हणून कुणी हिणवलं नाही.

पूल जवळ आला तसं तात्यांनी परत मुंडकं काढलं.

"गण्या! कोपर आत घे!"