डोळे मिटून ओळखलेला बुश

सन २०११, माझं वय अठ्ठावन्न. शाळा चौथीपर्यंत, पण अंबडच्या गाळ्यात स्वतःचं लेथ मशीन होतं, हाताखाली दोन कारागीर होते. सातपूरच्या एका कंपनीला आम्ही पंपात बसणारे पितळी बुश, म्हणजे आतून गुळगुळीत घासलेल्या कड्या, करून द्यायचो. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवशी तिथल्या खरेदीच्या साहेबानं बोलावलं. केबिनमध्ये एसीचा गारवा, त्यात माझ्या कपड्यांचा तेलकट वास. "नाना, परदेशाशी करार झालाय, तिकडच्या मालावरची आयात ड्यूटी गेली. त्यांचा बुश तुमच्यापेक्षा बराच स्वस्त पडतो." मी म्हणालो, "स्वस्त असंल, पण असा नसंल. माझा माल मी डोळे मिटून ओळखतो." साहेब हसला. "मग ओळखा." मी डोळे मिटल्यावर त्यानं माझ्या तळहातावर दोन बुश ठेवले. मी दोन्हींच्या आतून अंगठा फिरवला. एक किंचित खरबरीत लागला, दुसरा लोण्यासारखा. "हा माझा," म्हणत मी लोण्यासारखा पुढं केला. डोळे उघडले तर त्याच बुशच्या काठावर बारीक परदेशी अक्षरं कोरलेली. "नाना, चहा सांगू?" तो हळूच म्हणाला. त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लोक आजही विचारतात, तुम्ही भांडला का नाही? कोणत्या तोंडानं भांडणार होतो? दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर आले. थोरल्यानं विचारलं, "आपला माल नापास झाला काय?" "नाय, त्यांचा पास झाला. मीच केला," म्हणालो, आणि दोघांना दुसरीकडं काम बघायला सांगितलं.