एका येष्टीचा नियम

आमच्या घरात माझा एक नियम होता. जिथं जायला मध्ये गाडी बदलावी लागते, तिथं लेक द्यायची नाही. सकाळी येष्टीत बसावं, लेकीच्या हातचा चहा घ्यावा, दिवेलागणीच्या आत घरी. पूर्णेला जायला परभणीत गाडी बदलावी लागते, त्यापायीच तिथलं रेल्वेतल्या नोकरीचं स्थळ मी परत पाठवलं. लोक हसले. हसेनात का. लेक मानवतला दिली.

आता नात निघाली स्लोव्हेनियाला. नर्सिंग शिकली, तिथं वृद्धाश्रमात नोकरी लागली. आणि माझा पोरगा, तिचा बाप, म्हणतो, "नाना हो म्हणले तरच." म्हणजे वाईटपणा माझ्या गळ्यात!

ती ओसरीवर मोबाइल घेऊन तिथली भाषा घोकत बसायची. "नियर म्हणजे ब्लिझू. नेक्स्ट टू म्हणजे झ्रावेन. बिसाइड म्हणजे पोलेग."

"ह्या समद्याचा अर्थ काय गं?"

"जवळच, नाना. जरा जरा फरक हाय."

जवळ असण्याची एवढी घोकंपट्टी! मी चौथी शिकलेला माणूस. आमच्यात जवळचा माणूस न विचारता आत येतो आणि चुलीपुढं पाट ओढून बसतो. शब्द कशाला लागतोय?

"त्या म्हाताऱ्यांना लेकरं न्हाईत का?"

"हायेत की. त्याच गावात. पण येत न्हाईत."

"वा रे देश! लेकरं ब्लिझू, आन् उशाला बसायला पोर परभणीची!"

तिनं मोबाइल खाली ठेवला. "नाना, आत्या तर एका येष्टीवर हाय. कवा आलती?"

मी पानाचा डबा उघडला. लेकीच्या घरी जावळाच्या कार्यक्रमात माझ्याआधी दुसऱ्याला फेटा बांधला, म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो होतो. उठायलाच पाहिजे होतं. तेव्हापासून सासरचे तिला पाठवत नाहीत आणि मी जात नाही.

पान जमेना. डबा मिटला. पोराला हाक मारली. "हो म्हणून कळव त्यांना."

"नाना, लय लांब हाय हो."

"तुला कुणी विचारलं? जायचं तिला हाय."

नात पाया पडायला वाकली. म्हणलं, "एवढं शिकायलीस, तर त्या म्हाताऱ्यांच्या लेकरांना झाडायचे चार शब्द बी शीक."

"ते ह्या मोबाइलात न्हाईत, नाना."

"मग कसली डोंबलाची भाषा!"