प्रस्तुत संशोधकमांसा

एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षी मी दोन कादंबऱ्यांमधल्या सुनांची तुलना करत होते. जुन्या कादंबरीतली सून 'भाजीत मीठ कमी आहे' एवढ्या वाक्यावरून माहेरी निघून जाते. नव्यातली, जायला हवं तेव्हाही जात नाही. एवढ्या भांडवलावर जाडजूड अहवाल लिहायची विद्या तेव्हा माझ्या अंगी होती.

आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये मात्र सगळे कॉम्प्युटर शिकत होते. बाबा दारूगोळा कारखान्यात होते. शेजारची मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत लागली, कंपनीची गाडी तिला दारात न्यायला येऊ लागली आणि बाबांच्या डोक्यानं घेतलं. एम.ए. झालं की मीही मुकाट्यानं कॉम्प्युटरचा क्लास लावायचा, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मला पुढे एम.फिल. करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. पण बाबांसमोर माझं मराठी 'हो' आणि 'बघू' यांच्यापुढे जात नसे.

माझा मजकूर मार्गदर्शक सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"अहो, पानोपानी 'मी'! आत्मचरित्र लिहिताय का आपण? 'मी' काढा. 'प्रस्तुत संशोधक' लिहा."

टायपिंग आधीच झालेलं होतं. मी डीटीपीवाल्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, "सगळीकडे 'मी'च्या जागी 'प्रस्तुत संशोधक' करा."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

त्यांनी एक बटण दाबलं. मला विज्ञानाचं फार कौतुक वाटलं. त्या कौतुकाच्या भरात काही न वाचता प्रती काढल्या आणि एक सरांच्या टेबलावर ठेवून आले.

शनिवारी सरांनी बोलावलं.

"तिसरं प्रकरण," ते म्हणाले. "'तुलनात्मक प्रस्तुत संशोधकमांसा.' आपला विभाग शाकाहारी आहे."

माझ्या मीमांसेतला 'मी' गेला होता आणि नुसता मांसा उरला होता. सरांनी पान उलटलं. तिथे सासू सुनेला म्हणत होती, "भाजीत प्रस्तुत संशोधकठ कप्रस्तुत संशोधक आहे."

"हे ऐकून मीसुद्धा माहेरी गेलो असतो," सर म्हणाले. "हातानं दुरुस्त करा, पण सोमवारी द्या. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढचं वर्ष बाबांनी क्लासला दिलेलं होतं, म्हणजे एम.ए. अर्धवटच राहिलं असतं. मी धावत डीटीपीवाल्या बाईंकडे गेले.

"'सगळीकडे?' म्हणून विचारलं होतं," त्या म्हणाल्या आणि शटर ओढलं. "उद्या रविवार. बंद."

रविवारी दुपारी व्हाइटनरची बाटली घेऊन मी रडत बसले होते. बाबांनी विचारलं काय झालं, मी पान दाखवलं. ते चष्मा लावून शेजारी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले, म्हणजे मला चुका सापडाव्यात. "'नायिका नेहप्रस्तुत संशोधक गप्प असते...'" पुढे त्यांना वाचवेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग मलाही हसू आवरेना.

शेवटी जुन्या कादंबरीतल्या सुनेचं पान आलं. सासरा न्यायला आलाय, सून माहेरच्या दारात उभी आहे. बाबांनी वाचलं, "'प्रस्तुत संशोधक परत येणार नाही.'" या वेळी ते हसले नाहीत.

"बाई स्पष्ट बोलते," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, तुझ्या क्लासचा फॉर्म कधी आणायचा?"

माझी मान खालीच होती. हातात व्हाइटनरचा ब्रश होता. तोंडून निघून गेलं, "प्रस्तुत संशोधक क्लासला जाणार नाही. प्रस्तुत संशोधकाला एम.फिल. करायचंय."

मला वाटलं, आता संपलं. बाबांनी व्हाइटनरची बाटली माझ्याकडे सरकवली.

"खोड ते," ते म्हणाले. "आणि 'मी' घालून परत सांग."

मान वर करून मी सांगितलं.