सरांच्या नावावरचं पुस्तक

आधी माफी मागतो. सोनवणे सरांवर लिहावं इतका मी त्यांच्या जवळचा नव्हतो. शिवाय गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, आणि माझा राग तर अजून गेलेला नाही...

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी मला प्रकल्पाला सिंग्युलर पर्टर्बेशन हा विषय दिला. यातल्या समीकरणांत सगळ्यात वरच्या डेरिव्हेटिव्हला एक अगदी लहान संख्या गुणलेली असते. नगण्य म्हणून ती सोडून दिली, तर उत्तराला दोन्ही टोकांना घातलेल्या अटींपैकी एका टोकाची अट पाळताच येत नाही. त्या टोकाशी एक पातळ थर असतो आणि उत्तर तिथं झपकन बदलतं. थर कोणत्या टोकाला, हीच खरी मेख.

माझे वडील मनमाडला रेल्वेत ट्रॅकमन. मी रोज गाडीने नाशिक रोडला उतरून कॉलेजला यायचो. पुस्तक कसं निवडतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यात सोडवलेली उदाहरणं जास्त, ते चांगलं, एवढंच मला माहीत. असं एक जाडजूड पुस्तक ग्रंथालयात होतं, पण ते कायम सरांच्या नावावर. मी मागायला गेलो.

"तुला पुस्तक हवंय की उत्तरपत्रिका?" सर म्हणाले.

"सर, घरी विचारायला कुणी नाही."

"माझ्याही नव्हतं." आणि त्यांनी एक बारकं पुस्तक पुढे सरकवलं. अख्ख्या पुस्तकात एकच उदाहरण सोडवलेलं, त्यात थर डावीकडे. मी तेच घोकलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी त्याच उदाहरणातलं एक चिन्ह बदललं. मी थर डावीकडेच काढला. तो उजवीकडे गेला होता.

"थर असतो एवढं पाठ आहे याला," सर मॅडमना म्हणाले. "कुठं असतो, ते पुस्तक सांगेल म्हणून थांबलाय."

मॅडम हसल्या. मी काठावर पास झालो. पीएच.डी.चा विचार त्या खोलीतच सोडला. सरांशी पुन्हा बोललो नाही, ते होते म्हणून वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुपही सोडला. पण त्या जाड पुस्तकासाठी नोंदवलेली मागणी मात्र मी काढली नाही. दर वर्षी माजी विद्यार्थ्याचं कार्ड नवं करायचो आणि ग्रंथालयातल्या भामरेकाकांना विचारायचो.

"नाय भेटायचं," काका हसायचे. "सरांनी परत वाढवून घेतलं. तू नाव काढत नाय, ते पुस्तक सोडत नाय. लय चिवट तुम्ही दोघं."

गेल्या महिन्यात मी नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलवर उभा असताना काकांचा फोन आला.

"तुझं पुस्तक आलंय. घेऊन जा."

मला आनंद झाला, खोटं का सांगू. म्हटलं, "सोडलं का शेवटी सरांनी?"



"तुला कुणी कळवलं नाय का रे? तेरावं झालं, मग सरांच्या मिसेस आणून देऊन गेल्या."